शेवटच्या बाकाचं पान

रायपूरच्या मुलींच्या शाळेत कुसुमबाईंच्या नववी ‘ब’मध्ये पोरी चाळीस आणि हिंदी पेपर एकच. म्हणून बाईंनी पेपरची पानं सुटी करून बाकांवर वाटली होती. पुढच्या बाकांना अग्रलेख, मधल्यांना खेळ आणि सिनेमा. शेवटच्या बाकावरच्या चेतनाच्या वाट्याला जाहीर सूचना, म्हणजे शहाणी माणसं डब्याखाली अंथरतात ते पान. रोज आपल्या पानातले पाच अवघड हिंदी शब्द कात्रणासह वहीत उतरवायचे, घरी वापरायचे आणि आईची सही आणायची, असा बाईंचा दंडक होता.

आता अधिग्रहण, निविदा असले शब्द पुरानी बस्तीतल्या दोन खोल्यांत वापरायचे तरी कुठे? चेतनाने एकदा धाकट्या भावाच्या ताटातली पोळी उचलली आणि जाहीर केलं, “इसका अधिग्रहण किया जाता है।”

“काय बोलून राहिली वं ही पोट्टी?” आई सरिता आपल्या वऱ्हाडीत म्हणाली; पण हाताचं पीठ पुसून सही केली.

वर्गात तिला ‘बाबूजी’, म्हणजे कारकून, म्हणून चिडवत. तिला रडू यायचं. पण पान बदलून मागेल तर ती चेतना कसली!

रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. रोज एक नवं कार्यालय उघडायचं आणि कार्यालय म्हटलं की इमारत हवी. डिसेंबरातल्या एका मंगळवारी चेतनाला तिच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, स्वतःच्याच शाळेचं नाव दिसलं. शाळेची इमारत कार्यालयासाठी ताब्यात घेणार, पोरींना गावाबाहेरच्या शाळेत हलवणार. आपत्ति, म्हणजे हरकत, असेल तर सात दिवसांत लेखी द्यावी.

चेतनाने पान नेऊन दाखवलं, तर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, हसल्या. “ऐसा कुछ होता तो हमारे पास चिट्ठी नहीं आती?” चिठ्ठी खरोखरच आली नव्हती, आणि ते पान शाळेत दुसरं कुणी वाचतच नव्हतं.

घरी वडिलांनी, रेल्वेत गँगमन असलेल्या देवीदासांनी, तिच्याकडून ती सूचना वाचून घेतली. मग म्हणाले, “तितक्या दूर मी तुले नाही धाडत. शाळा गेली का तुहं शिकणंबी गेलं समज.” ते नुसतं बोलून थांबणारे नव्हते. मोठ्या बहिणीची शाळा आठवीतच सुटली होती. चेतना त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी कुसुमबाई अर्ज लिहायला बसल्या. ‘विद्या का यह पावन मंदिर’ अशी सुरुवात त्यांनी केली आणि चेतनाला राहवलं नाही.

“मैडम, ऐसे नहीं चलेगा. दफ्तर में मंदिर नहीं, कारण लिखते हैं।”

बाईंनी एकवार तिच्याकडे पाहिलं आणि पेन तिच्या हातात दिलं. चेतनाने वही उघडली. ऑगस्टच्या एका कात्रणात याच भागातली रिकामी सरकारी इमारत भाड्याने द्यायची सूचना होती. ऑक्टोबरात तीच सूचना पुन्हा, म्हणजे भाडेकरू मिळालाच नव्हता. रिकामी जागा पडून असताना भरलेली शाळा कशासाठी? तारखांसकट तिने लिहून काढलं. खाली चाळीस पोरींच्या आणि चाळीस आयांच्या सह्या. मुदतीच्या एक दिवस आधी अर्जावर आवकचा शिक्का पडला.

अर्जावर सुनावणी लागली, तेव्हा कुसुमबाई चेतनाला घेऊन गेल्या; देवीदासही रजा टाकून आले आणि दाराशीच उभे राहिले. अधिकाऱ्याने अर्ज वाचला, कात्रणं पाहिली आणि कुसुमबाईंना विचारलं, “वकील कौन है आपका?”

“वकील नहीं है, सर। नौवीं ‘ब’ है।” चेतना म्हणाली.

अधिकाऱ्याने चष्मा काढला, पुन्हा लावला. कारकुनाला बोलावून ती इमारत अजून रिकामी आहे का, ते विचारलं. कारकुनाने मान खाली घालून “हव” म्हणत होकार दिला. मग अधिकारी कागदावर लिहू लागला. टेबलापलीकडून चेतनाला ती अक्षरं उलटी दिसत होती. गेले कित्येक महिने असलीच भाषा वाचली होती तिने. सही व्हायच्या आधीच ती दाराकडे धावली.

“बाबा, आपत्ति मान्य!”

“म्हंजे काय वं?”

सगळं कार्यालय ऐकत होतं. घरात हिंदीत उत्तरं देणारी चेतना त्या दिवशी बापाच्या भाषेत ओरडली, “म्हंजे शाळा हटत नाही, बाबा. अन् मीबी हटत नाही!”