बंद खोलीतला लाल दिवा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. स्फटिक महाराजांनी डोळे मिटले, कपाळाला दोन बोटं लावली आणि कुलूपबंद प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न घडाघडा म्हणून दाखवला. पहिल्या रांगेतल्या परीक्षा मंडळाच्या साहेबांनी हात जोडले. म्हणजे बरोबर होता. मंडळाने पेपर दोनदा बदलला होता. दोन्ही वेळा महाराजांनी नवा ओळखला होता.

विज्ञानाच्या बाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. पेपर टाइप करणारी त्यांची धाकटी बहीण शेजारी रडवेली झाली होती. साहेबांनी तिच्याकडे सोमवारपर्यंत लेखी खुलासा मागितला होता, नाहीतर पोलीस. त्यांचं म्हणणं सरळ होतं : पेपर टाइप होतो त्या कुलूपबंद खोलीतल्या कॉम्प्युटरला ना नेटची वायर, ना वायफाय, मोबाइल दारातच काढून घेतात. मग एक तर चमत्कार, नाहीतर तू.

"ताई, तू महाराजांच्या वाटेला जाऊ नकोस," धाकटी म्हणाली. "चमत्कार खरा असेल तरच मी सुटते."

पेपरची प्रूफं तपासायला बाईंना त्या खोलीत प्रवेश होता. शनिवारी त्यांनी धाकटीला घरीच बसवलं आणि स्वतः गेल्या. साहेबांनी कुलूप काढलं, खिशातून पेनड्राइव्ह काढून कॉम्प्युटरला लावला आणि पाच मिनिटं मनःशांतीचं संगीत वाजवलं. रोजचा नेमच होता.

बाईंनी विचारलं, इथे पेनड्राइव्हला बंदी आहे ना?

"हा पेनड्राइव्ह नव्हे," साहेब दुखावल्या स्वरात म्हणाले. "महाराजांचा आशीर्वाद आहे."

साहेब गेले. बाई हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. काम काहीच चालू नव्हतं, तरी कॉम्प्युटरचा लाल दिवा मात्र कुणाला तरी निरोप सांगायची घाई असल्यासारखा लुकलुकत होता. समोर काचेची खिडकी. गल्लीपलीकडे महाराजांची ध्यानाची खोली, आणि तिच्या खिडकीत थेट इकडे रोखलेली, हार घातलेली पितळी नळी.

बाईंनी एक प्रश्न टाइप केला. तासाभराने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि दुसरा टाइप केला. घरी कुणाला काही सांगितलं नाही.

रविवारी सभागृहात महाराज गंभीर आवाजात म्हणाले, "पाण्याला किती अंश सेल्सिअसला कंटाळा येतो?"

शंभर पेनं सरसावली. कुणीतरी हळूच विचारलं, पर्याय देणार आहेत का हो?

बाई पुढे आल्या. "महाराज, काल मी त्या खोलीत दोन प्रश्न टाइप केले होते. हा पहिला. दुसरा?"

महाराजांनी बोटं कपाळावर फिरवली. "आज तरंग मंद आहेत."

"तरंग मंद नाहीत. दिव्यावर चिकटपट्टी आहे."

मग त्यांनी वर्गात सांगतात तसं सावकाश सांगितलं. आशीर्वादाच्या संगीताबरोबर एक छोटा प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये शिरला होता. टाइप केलेलं अक्षरन् अक्षर तो दिव्याच्या उघडझापीत पुन्हा पुन्हा मांडायचा. दिसतो, दिसत नाही : मुलं टॉर्चने खुणा करतात तसं. नळीतला कॅमेरा ती उघडझाप टिपायचा आणि पलीकडचा दुसरा कॉम्प्युटर तिची पुन्हा अक्षरं करायचा. महाराजांच्या वाट्याला फक्त पाठांतर.

चारजण नळी बघायला निघाले. हाराखाली कॅमेरा निघाला. त्याला अध्यात्माचा गंधही नव्हता. तोवर महाराजांना अचानक समाधी लागली होती.

सोमवारी खुलासा लिहायला साहेब बसले. धाकटी तिच्या खुर्चीत परत आली.

वायर नाही म्हणजे वाटच नाही, असं समजू नका. "चमत्कार की चोर" असे दोनच पर्याय कुणी पुढे ठेवले, तर हात जोडण्याआधी एवढं विचारा : त्या बंद खोलीत बाहेरून काय नेलं, आणि ते कुणी नेलं?