लिंकखालची ओळ

सकाळचा चहा झाला की मी ह्यांच्या खुर्चीत बसते आणि लिंका उघडून बघते. कुठली उघडते, कुठली नाही. मला ग्रीक येत नाही, लॅटिन येत नाही, तत्त्वज्ञानाचं तर नाव काढू नका. मी जन्मभर चष्म्याच्या दुकानात लोकांना फ्रेमा दाखवल्या. पण लिंक चालू आहे की बंद, हे कळायला पंडित व्हावं लागत नाही.

हे कॉलेजात जुन्या भाषा आणि तत्त्वज्ञान शिकवायचे. इंटरनेटवर काय कुठे मिळतं ते मुलांना सांगून सांगून कंटाळले, तेव्हा त्यांनी एक पानच करून टाकलं. कोश, व्याकरणं, हस्तलिखितांचे फोटो, लेखांचे साठे, कोणी कोणी मोठ्याने वाचून ठेवलेले ग्रंथ. आणि प्रत्येक लिंकखाली स्वतःची एक ओळ. लिंका काय, कोणीही गोळा करेल. ओळी मात्र ह्यांच्याच. मोठ्या कोशाखाली लिहिलंय, ‘एक शब्द शोधायला याल आणि भलत्याच शब्दाशी गप्पा मारत बसाल. लाजू नका, सगळ्यांचं तसंच होतं.’ हस्तलिखितांखाली, ‘पानं उघडायला वेळ लागतो. लिहिणाऱ्याला किती लागला असेल ते आठवा आणि गप्प बसा.’ लेखांच्या एका साठ्याखाली नुसतं, ‘पैसे मागतात. कॉलेजात बसून उघडा, घरून नाही.’

बोलायचेही अगदी असेच. अर्धं कौतुक, अर्धा टोमणा. वाचलं की आवाज कानात येतो, आणि मग मला उठवत नाही.

ह्यांचा एक नियम होता, आणि नियमाच्या बाबतीत माणूस खाष्ट. लिंक बंद पडली की त्याच दिवशी काढायची, खालच्या ओळीसकट. “चालत नसलेली लिंक ठेवणं म्हणजे पोराला पत्ता देऊन बंद दाराशी पाठवणं,” म्हणायचे. पुढे हात थरथरायला लागले, माऊस धरवेना. तेव्हा हे शेजारी बसून सांगायचे आणि मी करायचे. गपगुमान करायचे असं नाही हं. “एवढा वेळ मला दिला असतात तर मीही ग्रीक शिकले असते,” म्हणायचे मी, आणि हे हसायचे.

हे गेल्यावर पहिली लिंक बंद पडली ती एका व्याकरणाची. मी नियमाप्रमाणे काढली. बटण दाबलं, ओळ गेली. मग दिवसभर मला घरात कुठे बसावं ते सुचेना. भाजी चिरायला घेतली आणि तशीच ठेवून दिली. तेव्हापासून मी एकही ओळ काढलेली नाही. साइट दुसऱ्या पत्त्यावर गेली असेल तर नवा पत्ता हुडकून घालते, त्यात आता माझा कोणी हात धरणार नाही. पण कायमच्या बंद झालेल्याही तशाच ठेवते. दुकानाला कुलूप आणि पाटी शाबूत, असा कारभार.

त्या बंद लिंकांमधली एक माझ्या जिवाची आहे. कुठल्याशा देशातल्या एका निवृत्त मास्तरांनी एक जुना संवाद सबंध वाचून ठेवला होता. दोन माणसं बोलत असतात तसला. आधी मूळ, मग भाषांतर. हे सुट्टीच्या दिवशी कानाला ते लावून बसायचे आणि जेवण गार व्हायचं. एकदा मी वैतागून एकटी जेवले, ह्यांचं ताट झाकलं आणि संध्याकाळपर्यंत तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी पानावर ही ओळ: ‘वाचणाऱ्या गृहस्थांचा आवाज खोल जातो, कान देऊन ऐका. आणि बसण्याआधी जेवून घ्या. आमच्या घरी ह्यावरून भांडण झालेलं आहे.’

एवढं मोठं पान, जगभरचे विद्वान त्यात, आणि मी फक्त तिथे आहे. ‘आमच्या घरी’ म्हणजे मी. ते मास्तर वारले आणि त्यांच्यामागे त्यांची साइटही बंद झाली.

परवा दुपारी कॉलेजची ग्रंथपाल घरी आली. ह्यांचीच विद्यार्थिनी, आता तिचेही केस पिकलेत. पाणी प्यायली, इकडचं तिकडचं बोलली. मी म्हटलं, “मुद्द्याचं बोल, बाई. तू माझी तब्येत विचारायला एवढे जिने चढली नाहीस.”

“काकू, सरांचं पान आम्ही लायब्ररीच्या नव्या साइटवर घेतोय. वरचे म्हणत होते, ओळी काढून टाका, सगळीकडे एकसारखी माहिती घाला. मी भांडून ओळी ठेवून घेतल्या.”

“उपकार झाले.” राग माझ्या नाकावरच असतो.

“पण बंद लिंका नाही घेता येणार. तुम्ही काढल्या नाहीत तर नवी साइट आपोआप काढेल. ओळींसकट.”

“म्हणजे ह्यांचं कुठलं बोलणं राहायचं ते आता मशीन ठरवणार.”

“नियम सरांचाच आहे, काकू.”

तोंडात मारल्यासारखं झालं. मी उठून चहा टाकला. आत मला ऐकू जावं म्हणून ती जरा मोठ्याने म्हणाली, “एका मुलीचा मेल आलाय. प्रबंध करते ती. वाचून दाखवू?” मी साखर घातली. तिने वाचलं: “सूचनेप्रमाणे आधी जेवून घेतलं. कान देऊन बसले. तरी उघडत नाही. काल पुन्हा जेवून बसले. कृपया काय चुकतंय ते कळवावं.”

मला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून कधी पाणी यायला लागलं ते कळलं नाही, चहा उतू गेला. कुठली कोण पोरगी, ह्यांचं ऐकून जेवली. ह्यांचा शब्द अजून पाळला जातो. आणि मी तिला बंद दाराशी बसवून ठेवलं होतं.

ग्रंथपाल गेल्यावर लेकीला फोन केला. ती म्हणाली, “अगं आई, ओळ कॉपी करून ठेव ना तुझ्याकडे. एवढं काय त्यात?” तिचं चूक नाही. पण माझ्याकडे ठेवलेली ओळ कोणाला जेवायला उठवणार आहे? मला ह्यांचं जपून ठेवलेलं बोलणं नको होतं. मला हे अजून कोणाशी तरी बोलत असायला हवे होते.

बंद झालेल्या साइटींच्या प्रती जपणारा एक साठा इंटरनेटवर असतो. ह्यांनीच दाखवला होता. त्यात शोधलं. मास्तरांचं पान मिळालं, फोटोसुद्धा मिळाला, टक्कल आणि जाड भिंगांचा चष्मा. फ्रेम अगदी चुकीची निवडली होती बिचाऱ्याने. पण वाचन सुरू करायचं बटण कितीही दाबलं तरी काही होईना. आवाज तेवढा कोणी जपला नव्हता.

मग दुसरीकडे शोधत गेले. तोच संवाद एका बाईंनी वाचलेला सापडला, लख्ख उघडला. मला वाटलं, सुटले. पत्ता बदलला, खाली ह्यांची ओळ तशीच ठेवली. आणि परत वाचली. ‘वाचणाऱ्या गृहस्थांचा आवाज खोल जातो.’ इथे गृहस्थ नव्हते, आवाज खोल जात नव्हता, आणि मुख्य म्हणजे हे वाचन ह्यांनी ऐकलेलंच नव्हतं. न ऐकलेल्या गोष्टीबद्दल ह्यांच्या तोंडी शब्द घालायचे? हे असते तर रागाने जेवायचे थांबले असते.

ओळ पुसली. एकेक अक्षर पुसत गेले, एकदम काढायचा धीर झाला नाही. ‘आमच्या घरी’ सगळ्यात शेवटी पुसलं जाईल म्हणून पुढून सुरुवात केली. तरी ते आलंच. तेही पुसलं.

आता खाली काहीतरी लिहायला हवं होतं. ऐकल्याशिवाय लिहायचं नाही, हाही ह्यांचाच खाक्या. म्हणून मी जेवले आणि ऐकायला बसले. पहिल्यांदा. ह्यांच्या शेजारी इतकी वर्षं काढली, पण ते कानाला लावून काय ऐकतात, हे मी कधी ऐकलं नव्हतं.

मला वाटलं होतं, झोप लागेल. नाही लागली. एक म्हणतो, माणसाला ओढ लागते ती जवळ नसलेल्या गोष्टीची. दुसरा म्हणतो, जवळ असलेलीसुद्धा हवीशी वाटते की. त्यावर पहिला म्हणतो, ती उद्याही असावी अशी ती ओढ, आणि उद्या काही तुझ्याजवळ नाही. बोलतात छान. मला बरंचसं कळलंसुद्धा. पण जी गोष्ट जवळ होती आणि आता कधीच नसणार, उद्याही नाही, तिची ओढ ह्यांतली कुठली? त्याबद्दल दोघांपैकी कोणीच बोललं नाही. मी वाट बघितली. संवाद संपला.

“अहो,” मी म्हटलं, “हे असं का?”

तोंडातून निघून गेलं. खुर्चीत तर मीच बसले होते. मग मात्र मी खूप रडले, हे गेले तेव्हा रडले त्याहून जास्त. तेव्हा ह्यांना विचारायचं असं माझ्याकडे काही नव्हतं.

तोंड धुऊन आले आणि लिंकखाली लिहिलं: ‘बाईंचं वाचन स्वच्छ आहे. मी शेवटपर्यंत ऐकलं. एक गोष्ट कळली नाही आणि विचारायला घरात कोणी नाही.’

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालचा फोन आला. म्हणाली, “काकू, लिंक छान आहे, त्या मुलीला कळवलं मी. फक्त शेवटचं वाक्य काढू का? ‘घरात कोणी नाही’ ते. साइटवर कसं दिसेल?”

मी म्हटलं, “राहू दे. खरं आहे ते.”