न पाहिलेल्या कामावरचा शिक्का

मी शिक्का बोलतोय. वर लाकडी मूठ, तळाला रबर आणि रबरावर माधवनगरच्या एका कॉम्प्युटर कंपनीचं नाव. ते नाव मी सांगणार नाही. मला त्याची लाज वाटते.

सांगलीतल्या एका टपरीवजा दुकानात माझा जन्म झाला. करणाऱ्याने मला कोऱ्या कागदावर दाबून पाहिलं आणि म्हणाला, "लय झ्याक उठलाय." आयुष्यातलं कौतुक तिथंच संपलं. मग मी बाळासोंच्या टेबलावर आलो आणि माझ्या जन्माचं वाटोळं झालं.

बाळासो कंपनीचे मालक. खोल्या दोन, कॉम्प्युटर पाच, त्यातले तीन चालू. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या मुलांना शेवटच्या वर्षी सहा महिने अशा कंपनीत काम करावं लागतं. रोज काय केलं ते वहीत लिहायचं आणि खाली कंपनीचा शिक्का घ्यायचा. शिकता शिकता कामाची सवय व्हावी आणि त्याच कामावर पुढे नोकरी लागावी, हा हेतू. हेतूला नावं ठेवायला जागा नाही. नावं ठेवायची ती माणसांना.

मुलं यायची ती कामासाठी नाही, माझ्यासाठी. सोबत बाप आणि बापाच्या हातात साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा. "आवं बाळासो, पावण्यातलाच पोरगा हाय." एवढं म्हटलं की बाळासो विरघळले. "मग समदं एकदमच मारून न्ये की रं! रोज कशाला हेलपाटं?"

कराडचा वीरधवल तर एकाच दुपारी आला. सहा महिन्यांची वही एका बैठकीत लिहिली आणि संशय नको म्हणून मध्येच पेन बदललं. पानापानावर मला आपटलं. बाप म्हणाला, "पोरगं लय हुशार हाय." हुशार कसलं? सहा महिन्यांत पेन बदलायला शिकलं!

झोया तेवढी कामाला आली. उंब्रजला हायवेवर टायरचं दुकान चालवणाऱ्या मुजीबभाईंची ही मुलगी, दोन एसट्या बदलून रोज नऊला हजर. बाळासोंनी तिला आठवडाभर झेरॉक्स काढायला बसवलं. मग ती स्वतःच समोरच्या सुताच्या गोदामात गेली. तिथल्या कारकून सुलाबाई हजारभर पोत्यांत हवं ते सूत शोधता शोधता मेटाकुटीला यायच्या. झोयाने चार महिने खपून त्यांना प्रोग्रॅम करून दिला. पोत्याचा नंबर टाकला की ते कुठल्या रांगेत आहे ते कळायचं. बाळासोंनी तो उघडूनसुद्धा पाहिला नाही.

मध्येच कृष्णेला पूर आला. आठ दिवस ऑफिसला कुलूप होतं. झोयाने वहीत लिहिलं, "पूर. काम बंद." वीरधवलच्या वहीत त्या आठही दिवशी काम जोरात चाललं होतं आणि त्याखाली मी ठळक उठलो होतो.

मग पुण्याच्या एका कंपनीत मुलाखती झाल्या. दुसऱ्या दिवशी झोया येऊन बाळासोंपुढे उभी राहिली. "सर, मुलाखत घेणारे सांगलीचेच निघाले. वीरधवलची वही बघून हसले. पुरात कोण कामाला आलं होतं म्हणाले. माझ्या वहीवर तोच शिक्का दिसला आणि त्यांनी ती उघडलीच नाही. लय विनवलं, तेव्हा म्हणाले, उद्या अकराला फोन करतो, तुझ्या मालकांना सांगू दे तू काय केलंस ते. तेवढंच आता हातात हाय, सर."

"सांगू की! लय चांगलं काम केलं म्हणतो."

"चांगलं न्हाई सर. काय केलं, ते सांगायचंय."

बाळासो छताकडे बघायला लागले. सहा महिने मुलगी डोळ्यांसमोर होती आणि या गृहस्थांना तिचं एक काम सांगता येईना! सवयीने त्यांचा हात माझ्याकडे आला. "त्यापेक्षा पत्र देतो की. शिक्का मारून."

"शिक्का नको, सर. त्यानंच घात केलाय."

मला राग आला नाही. पोरगी खरं बोलली होती.

दुसऱ्या दिवशी तिने सुलाबाईंनाच आणून बसवलं. अकराला फोन वाजला. बाळासोंनी दोनदा "व्हय, व्हय" केलं, घाम पुसला आणि फोन बाईंच्या हातात दिला.

"आवं सायेब, मला कॉम्प्युटरमधलं काय बी कळत न्हाई. पर आदी एक पोतं हुडकायला तास जायाचा, आता नंबर टाकला की घावतंय. तीनदा त्यात चूक निघाली. तिन्ही येळंला पोरगी माझ्याशेजारी बसली आन् दुरुस्त करूनच उठली. आन् पुरात हितं कोण बी आलं नव्हतं. आलो म्हणणारा खोटारडा हाय."

मग त्या साहेबांनी झोयाला सोमवारी परत बोलावलं, प्रोग्रॅम घेऊन. सुलाबाई उठल्या आणि बाळासोंकडे न बघता गोदामात गेल्या.

मी मात्र टेबलावरच आहे. बाळासो सुधारतील, असं मला वाटत नाही. म्हणून तुम्हालाच सांगतो, आई-बापांनो, पोराच्या वहीसाठी मला मागायला येऊ नका. त्याने काय केलं हे सांगणारं एक तरी माणूस त्याला कामातून मिळवू द्या. आणि तेवढाही धीर नसेल तर मला उचलून चुलीत घाला. रबराची घाण सुटेल, पण ती एकदाच.