दुसऱ्या कडव्यानंतर

जानरावने रेकॉर्ड प्लेअरच्या फिरत्या थाळीवरची रबराची मॅट नखाने उचलून बाजूला ठेवली आणि पुडक्यातून काढलेली बुचाची मॅट तिच्या जागी बसवली. मग वाकून, एक डोळा मिटून, ती सगळीकडून सारखी टेकली आहे की नाही ते पाहिले. ही तिसरी मॅट. प्लेअरबरोबर आलेली फेल्टची मॅट अकोल्याच्या कोरड्या हवेत रेकॉर्डला चिकटून वर यायची. रबराची चिकटत नव्हती, पण तिच्यावर गाणे गोधडीत गुंडाळल्यासारखे दबून येई.

"कूलर बंद कर वं."

"एप्रिल हाय, अजी."

"त्याच्या मोटरचे हादरे येते सुईवर. चार मिन्टाचं तर गानं हाय."

इंदूबाईने कूलर बंद केला, पंखा बंद केला, आणि त्याने सांगायच्या आत भिंतीलगतच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. दोन महिन्यांत हे तिच्या अंगवळणी पडले होते. धर्मेंद्रने, त्यांच्या मुलाने, अमरावतीहून हा प्लेअर आणून दिल्यापासून घरातल्या प्रत्येक थरथरीवर जानरावची नजर होती. फ्रिज मागच्या खोलीत गेला. प्लेअरखाली कडप्प्याची लादी आली आणि लादीखाली अर्धे कापलेले चार रबरी चेंडू. गाणे चालू असताना तिने चालायचे नाही, असाही नियम झाला. तिचा विश्वास बसावा म्हणून त्याने लादीवर पाण्याची वाटी ठेवली होती आणि तिला दारापासून खाटेपर्यंत चालायला लावून वाटीतले पाणी हलताना दाखवले होते.

एवढा खटाटोप ज्या रेकॉर्डसाठी चालला होता, ती तिचीच होती. लहानशी, दोन्ही बाजूंना एकेक भीमगीत. मधल्या निळ्या कागदावर छापलेले, 'इंदू इंगळे आणि पार्टी, पातूर'. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आठ माणसे रेल्वेने मुंबईला गेली होती. ढोलकीवर नत्थुजी, पेटीवर तिचे काका, आणि मागे कोरसला पाच पोरे. त्या पाचांतला एक जानराव.

पुढच्या वर्षी दोघांचे लग्न झाले. पुढे तीन वर्षे ती गात राहिली. मग बाळापूरच्या जयंतीला गर्दीतले कोणीतरी हसत म्हणाले, की नत्थुजीची ढोलकी फक्त इंदूसाठीच अशी बोलते. जानराव त्या रात्री जेवला नाही. सकाळी म्हणाला, "आता पुरे झालं." गाण्यांची वही त्याने स्वतः चुलीत घातली नाही. तिच्या हातून घालून घेतली. पाने ओलसर होती, पेटायला वेळ लागला, आणि तो पूर्ण वेळ शेजारी उभा होता.

त्यानंतर पाटबंधारे खात्यात त्याची सारी नोकरी झाली. घरात कधी तिच्या ओठांवर एखादी ओळ आली, तर तो पेपरातून मान वर करून नुसता पाहायचा. ओळ थांबायची. आता मात्र कॉलनीत कोणी भेटले की सांगायचा, "आमच्या बाईची रेकॉर्ड हाय. मुंबईले निंगालेली."

त्याने सुई ठेवली.

इंदूबाईने मान वर केली. तळाशी सतत चालणारी ती घरघर, दूरवर ट्रक उभा असावा तशी, आज नव्हती. ढोलकीची थाप कोरडी आणि सुटी आली. मग गाणे सुरू होण्याआधी एका मुलीने श्वास घेतलेला ऐकू आला. इंदूबाईचा हात आपोआप गळ्याशी गेला.

जानराव हसला. "पाह्यलं? मी म्हनत होतो नं, बुचाचीच पायजे."

पहिले कडवे झाले. दुसरे झाले. शेवटचा सूर तिने तेव्हा जरा जास्तच लांबवला होता. तो संपला, आणि कोरस उचलण्याआधीच्या इवल्याशा जागेत एक खालच्या पट्टीतला पुरुषी आवाज हळूच म्हणाला,

"वा, इंदे!"

जानरावचे हसू तसेच राहिले. त्याने सुई उचलली, मागे नेली, पुन्हा ठेवली. पुन्हा सूर, पुन्हा ते दोन शब्द. मग तिसऱ्यांदा.

इंदूबाईने पहिल्यांदाच ओळखले होते. आजवर हे गाणे तिने जयंतीच्या भोंग्यांवर ऐकले होते, आणि या दोन महिन्यांत त्या घरघरीसकट. एवढा खालचा आवाज त्यात बुडून गेला असणार. पण तो क्षण तिला चांगला आठवत होता. कोरसच्या ओळीतला एक पोरगा भान विसरून बोलला होता, काचेपलीकडच्या माणसाने कपाळाला हात लावला होता, आणि पुन्हा घ्यायला वेळ उरला नव्हता. परतताना गाडीत तो पोरगा भुसावळपर्यंत तिच्यासमोर मान खाली घालून बसला होता. 'माह्या तोंडून निंगूनच गेलं,' म्हणत होता. त्या मानेकडे पाहतच तिने मनाशी लग्नाला होकार दिला होता.

तो आवाज तंबाखूच्या आधीचा होता. ऑफिसच्या आधीचा, बाळापूरच्या आधीचा. ज्याचा होता त्याला ना तो ओळखू आला, ना ती चूक आठवली.

"कोन व्हय हा?" जानरावने विचारले. पाठ तिच्याकडेच होती.

ती खुर्चीतून उतरली. "अजी, थो..."

"नाव नको घेऊ त्याचं!" तो वळला. "ढोलकी वाजवाले नेलं होतं त्याले. इंदे म्हनते! माह्यासमोर, रेकॉर्डिंगच्या खोलीत! अन् मी मांगं उभा राहून टाळ्या वाजवून राहिलो होतो."

"आयकून तं घ्या."

"काय आयकू? लोकं मले म्हनत, जानराव, तू बायकोचा गळा दाबला. धर्मेंद्रही म्हनाला एकडाव." त्याने रेकॉर्डकडे बोट केले. "हे पाय. चुकलो नव्हतो मी. तुले थांबवलं थे बराबरच केलं."

खोलीत हवा नव्हती. त्याच्या सदऱ्याची पाठ घामाने चिकटली होती. इंदूबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिले. गाडीतला तो पोरगा त्या चेहऱ्यात कुठे दिसत नव्हता. दोन शब्दांत सगळे सांगून होण्यासारखे होते. ऐकल्यावर तो आधी रागावला असता, मग रडला असता, आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीभर सांगत फिरला असता, की पहिली दाद मीच दिली होती. तिने पदराने गळ्यावरचा घाम टिपला.

"सांग नं आता," तो म्हणाला. "कोन व्हय? त्याचाच आवाज नं?"

नत्थुजींना जाऊन बारा वर्षे झाली होती. पातूरला मातीला जायचे म्हणून ती लुगडे बदलून बसली होती, आणि जानरावने तिला जाऊ दिले नव्हते.

"थो मानूस गेला," इंदूबाई म्हणाली. "लय वर्सं झाले."

जानराव सावकाश खाटेवर टेकला. त्याचे खांदे सैल झाले, बऱ्याच वर्षांचे एखादे प्रकरण आपल्या बाजूने निकाली निघाल्यासारखे.

"मले मालूमच होतं," तो म्हणाला.