वीतभर वायर

पियूषने वहीचं पान समोर धरलं तेव्हा अण्णांना आधी खरंच वाटेना. बारावीनंतर हा मुलगा त्यांना काही म्हणून विचारायला आला नव्हता. आता आला तो थेट पाण्याचा नकाशा घेऊन.

"देखो अण्णा, प्रोसेसरवर हा तांब्याचा ब्लॉक बसेल. डब्यातला पंप पाणी ढकलेल, गरम पाणी रेडिएटरमध्ये जाईल, तिथे गार होऊन परत डब्यात. बस, इतनाच है."

देवासच्या मे महिन्यात माणसं वितळतात, तिथे कम्प्युटरची काय कथा! पियूष घरी बसून पुण्याच्या एका स्टुडिओसाठी इमारतींची चित्रं बनवायचा, आणि दुपारी बारा वाजले की मशीन तापून बंद पडायचं. स्टुडिओने सोमवारची शेवटची मुदत दिली होती. तयार कूलिंगची किंमत ऐकूनच घाम फुटत होता. म्हणून हा देशी बेत: रेडिएटर मोटरसायकलचा, डबा लोणच्याचा, ब्लॉक धारच्या मित्राने, अंकितने वापरून काढलेला आणि पंप घरच्या जुन्या कूलरचा.

अण्णांनी एकतीस वर्षं कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केलेलं. त्यांचं बोट आधी पंपावर टेकलं. "हा दोनशेतीस व्होल्टचा, आणि पाण्यात बुडालेला. बारा व्होल्टचा घे."

"बजेट नाही ना, अण्णा."

"आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा. तांब्याबरोबर एकाच पाण्यात ठेवलास तर वर्षभरात त्याची चाळणी होईल."

पियूषने खुर्ची ओढली आणि शेजारी बसला. "मग तुम्हीच सांगा."

एवढ्यानेच म्हातारा विरघळला. रिटायर झाल्यापासून घरात त्यांना एकच गोष्ट विचारली जायची, की भाजी कुठली आणणार. आता रोज संध्याकाळी बापलेक जमिनीवर पसारा मांडून बसू लागले. अंकितने धारजवळच्या नालछ्याच्या भंगारातून जुन्या जीपचा तांब्याचा हीटर धाडला, तो रेडिएटर झाला. अण्णांनी प्रत्येक जोडाखाली कोरा कागद ठेवला आणि कम्प्युटर बंद ठेवून दिवसभर नुसतं पाणी फिरवलं. कागद कोरडे राहिले. पंप मात्र कूलरचाच राहिला. मशीन चालू केलं तेव्हा तापमान पंचाण्णववरून सत्तरच्या खाली आलं, आणि पियूषने अण्णांच्या पाठीवर थाप मारली. ती थाप अण्णांना रात्री अंथरुणातही आठवत होती.

दुसऱ्या दिवशी चिऊने घात केला. चिऊ म्हणजे अवंतीची, त्यांच्या लेकीची पाच वर्षांची पोर, धारहून सुट्टीला आलेली. तिने ओल्या हाताने मशीनच्या पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अण्णा, हे चावतं."

अण्णांनी पालथा हात टेकवला. झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला तर दिवा पेटला.

पियूषचा चेहरा उतरला. "रहने दो अण्णा. खोलून टाकू सगळं."

दोष पाण्याचा नव्हता, घराच्या अर्थिंगचा होता. अर्थिंगचा खड्डा अंगणात होता. ओल टिकावी म्हणून उन्हाळ्यात अण्णा त्यात रोज बादलीभर पाणी ओतत. दिवाळीत त्यांच्या बायकोने, सुरेखाबाईंनी हौसेने अंगणाला फरशी घातली, खड्डा तिच्याखाली गेला आणि वाळून खडंग झाला; करंट जमिनीत जाईना. फरशी फोडायची तर दोन दिवस लाईट बंद ठेवावी लागणार, काम हुकणार, आणि पियूष पुन्हा दार लावून घेणार. अण्णांना धास्ती होती ती त्या बंद दाराची.

"तू काम कर. मी बघतो," ते म्हणाले.

त्यांनी बोर्ड उघडला आणि वीतभर हिरवी वायर न्यूट्रलमधून अर्थिंगच्या पट्टीला जोडली. टेस्टर विझला. कारखान्यात याच जुगाडासाठी त्यांनी एका फिटरला गेटबाहेर काढलं होतं. "उद्या खांबावर कुणी दोन तारा उलट जोडल्या तर सगळ्या मशिनींच्या अंगात करंट येईल!" असं ओरडले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सोमवारी काम गेलं की फरशी फोडू, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

रविवारी दुपारी वावटळ सुटली. लिंबाची फांदी पडून घरावर येणारी वायर तुटली. लाइनमन आला, घाईतच होता. शिडी अण्णांनीच धरली. "अरे भिया, आमच्या पियूषने पाण्यावर चालणारं मशीन बनवलंय," ते खालून कौतुकाने सांगत होते, आणि वर कोणती तार कुठे गेली इकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

लाईट आली. पियूष अनवाणीच धावला आणि मशीनवर हात ठेवला. आतून आवाज आला तो माणसाचा वाटत नव्हता. अण्णांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

दवाखान्यात पियूष शुद्धीवर आला. उजवा तळवा भाजला होता. हृदयावर रात्रभर लक्ष ठेवू, असं डॉक्टर म्हणाले. त्याने डाव्या हाताने अण्णांचा हात घट्ट धरला.

"तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पंप बदल. मीच ऐकलं नाही. गलती मेरी है, अण्णा."

अण्णांना सगळं कळलं होतं, शिडी आठवली तेव्हाच: वर तारा उलट लागल्या होत्या. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. मेन बंद आहे, घरी गेल्यावर वायर गुपचूप काढून टाकू. कुणाला कळणार आहे? मुलाने असा हात धरून किती वर्षं झाली होती!

"असू दे," ते म्हणाले.

तेवढ्यात सुरेखाबाईंचा फोन आला. "अहो, तो मेला पंप मी अंगणात फेकून दिला. आता मेन चालू केलंय. चिऊ केव्हाची गार पाणी मागतेय, ही बघा, पळाली फ्रिजकडे."

अण्णा उभे राहून किंचाळले. "तिला धर! फ्रिजला हात लावू देऊ नको! मेन पाड! पंपाने काही केलेलं नाही, बोर्डात मी वायर जोडलीय, सगळ्या घरात करंट आलाय!"

पलीकडे फोन पडला. पावलं धावली. मग चिऊचं रडणं ऐकू आलं.

"पाडलं मेन," सुरेखाबाई धापा टाकत होत्या. "मी दंड धरून ओढली म्हणून रडतेय. लागलं नाही काही."

अण्णा खाटेशेजारी बसले. पियूषचा हात शोधायला गेले तर तो चादरीखाली गेला होता.

"तुम्हाला माहीत होतं?" पियूषने विचारलं. "इतका वेळ माहीत होतं?"

अण्णांनी होकारार्थी मान हलवली.

पियूषने भिंतीकडे तोंड केलं. "आईला सांगा, बाहेरून इलेक्ट्रिशियन बोलव. तुम्ही बोर्डाला हात लावू नका."