चंपतरावांचे हिरवे खडे

जैनथच्या बसथांब्यामागे मांडव पडला होता आणि मांडवात बरण्यांची रांग होती. बरण्यांत वाटाण्याएवढे हिरवे खडे. ते कोणत्या वाटेने बाहेर आले हे ठाऊक असूनही लोक हात जोडत होते.

"ना चाकू, ना टाका!" खडेबाबा गरजत होते. "शाम को तेल, सुबह खेल!" पेलाभर तेल, लिंबू आणि मंतरलेली पुडी, की पित्ताशय साफ.

आमचे शेजारी चंपतराव यांच्या पित्ताशयात खरोखरच खडा होता. सोमवारी आदिलाबादला ऑपरेशन ठरलं होतं. त्यांनी तेल घेतलं, अर्धी सकाळ संडासात काढली आणि वाटीभर खडे घेऊन माझ्याकडे आले.

"मास्तर, निघाले नं खडे. आता काऊन पोट फाडू?"

मागे त्यांची बायको कुसुमबाई डोळे पुसत होत्या. "डॉक्टर म्हणे, उशीर केला तं जिवावर बेतन. हे आयकूनच नाई राह्यले."

खडे वाळवून ताइतात भरायची बाबांची आज्ञा होती. चंपतरावांनी सुपात फडकं अंथरलं आणि गच्चीवर बायकोच्या कुरडयांशेजारी खडे वाळत घातले. ऊन वैशाखातलं. दुपारी कुसुमबाई कुरडया उलटवायला गेल्या, तर खडे गायब. फडक्यावर हिरवट तेलकट डाग.

आम्ही फडकं घेऊन मांडवात गेलो.

"सूर्यनारायण ने प्रसाद लिया," बाबा म्हणाले.

"मंग कुरड्या काऊन नाई घेतल्या?" कुसुमबाईंनी विचारलं. "त्या तं चवीच्या होत्या."

मांडवात पहिल्यांदाच कोणीतरी हसलं. मी संधी साधली.

"चंपतराव, पित्त खाल्लेल्या तेलाचे बारीक थेंब करतं. मग स्वादुपिंडाचा रस ते फोडतो आणि आतडं शोषून घेतं. तुम्ही पेलाभर तेल एकदम ओतलंत, वर जुलाबाची पुडी. शोषायला वेळच कुठे? उरलेल्या तेलाचे साबणासारखे गोळे झाले आणि पित्ताने हिरवे रंगले. दगड उन्हात वितळतो का? तुमचा खडा अजून जागच्या जागी आहे."

"पण पोट हलकं वाटून राह्यलं."

"जुलाबानंतर कोणाचंही वाटतं."

 सोमवारी चंपतराव आदिलाबादच्या बसमध्ये चढले. परतले तोवर मांडव उठला होता. डॉक्टरांनी काढलेला खडा बाटलीत बरोबर होता. टाके ओले असतानाच त्यांनी तो सुपात घालून गच्चीवर ठेवायला लावला.

संध्याकाळी कुसुमबाईंनी सूप खाली आणलं. खडा होता तसाच.

"हा खरा हाय," चंपतराव म्हणाले.

मित्रांनो, कोणी चमत्कार दाखवला तर हात जरूर जोडा, पण आधी तो एक दुपार उन्हात ठेवून बघा.