पाठीवरचे ठिपके

मित्रांनो, मी एक जुने, वाळलेले पान आहे. झाडाचे नव्हे, नेच्याचे. नेच्यांना फूल नसते, फळ नसते, बीसुद्धा नसते. आमचे सगळे गुपित पानाच्या पाठीवर असते. तिथे तपकिरी ठिपके येतात, त्यांतून धुळीसारखे बारीक बीजाणू उडतात आणि त्यांची नवी रोपे होतात.

आमचे कूळ लहान, जेमतेम सात जातींचे. उष्ण, ओलसर जंगलात, ओढ्याकाठच्या खडकांवर आम्ही वाढतो. वरून पाहिले तर साऱ्या जाती एकाच साच्यातून काढल्यासारख्या. लांबट जाड पान, लहरी कड, देठावर सोनेरी खवले. मग ओळखायचे कसे? उलटून. एकीचे ठिपके मधल्या शिरेला बिलगून, दुसरीचे कडेकडेने, तिसरीच्या प्रत्येक ठिपक्यावर इवलीशी टोपी. आमचे वर्गीकरण करणारा आधी पान उलटतो.

मला तोडले त्या बाई वनस्पतींच्या संग्रहालयात काम करीत. ओढ्याकाठी गुडघे टेकून त्यांनी मला उलटे धरले, भिंगातून पाहिले आणि वहीत माझ्या पाठीचे चित्र काढले. माझे ठिपके तिरप्या रांगांत होते. सातांपैकी एकीचेही तसे नसतात. मी आठव्या जातीचे होते. रोपाला तीनच पाने होती, म्हणून त्यांनी एकच घेतले. रोप जगू दे, म्हणाल्या.

वर्तमानपत्रात दाबून मी वाळले. शाळांना सुटी होती आणि बाईंची सात वर्षांची लेक रोज त्यांच्याबरोबर कामावर येई. नमुने कागदावर चिकटवणारे काका त्या दिवशी रजेवर होते. बाईंना साहेबांनी बोलावले. तेवढ्यात आईला मदत करावी म्हणून लेकीने बाटली उघडली. काका पानाला खळीचे चार थेंब लावत. ही बाटली मात्र कपाटाची फळी जोडायला आणलेल्या गोंदाची होती. तिने माझ्या पाठीला टोकापासून देठापर्यंत गोंद फासला, चकचकीत बाजू वर ठेवली आणि तळहाताने दाबून शंभरपर्यंत आकडे मोजले. मी थांबवणार कसे?

बाई परत आल्या. मला पाहून त्यांचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. लेक त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

“छान चिकटवलंस,” बाई म्हणाल्या. “एक सुरकुती नाही.”

दुसऱ्या दिवशी काकांनी मला उजेडात धरले. “बाई, तुमच्या लेकीनं काम पक्कं केलंय. भूकंप झाला तरी पान हलायचं नाही.” मग हसू आवरून त्यांनी विचारले, वाफ देऊन गोंद सुटतो का पाहू. बाई नको म्हणाल्या. मोडले तर एवढेही उरणार नव्हते. आपण दुसरे पान आणू, पण पोरीला यातले काही कळू देऊ नका, एवढेच त्यांनी बजावले.

पुढच्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा ओढ्याच्या जागी धरणाचे पाणी होते. मग एकोणीस वर्षे त्यांनी दुसरे ओढे पालथे घातले. त्यांच्या वहीत माझ्या पाठीचे चित्र होते, पण चित्र हा पुरावा नव्हे, असे तज्ज्ञांचे म्हणणे पडले. शेवटी माझ्या कागदावर त्यांची एक चिठ्ठी लागली: ‘बहुधा नेहमीची चौथी जात. नमुना निष्काळजीपणे चिकटवलेला.’ बाईंनी ती वाचली आणि कपाट बंद केले. पुरावा माझ्या पाठीवरच होता. मला कूस बदलता येत नव्हती.

गेल्या महिन्यात बाई वारल्या. टेबलाच्या खणातले त्यांचे भिंग आणि चष्मा न्यायला लेक आली. काकांनी तिला ओळखले. “तूच ना ती, फळीच्या गोंदानं पान चिकटवणारी?” त्यांना वाटले, एवढ्या वर्षांत आईने कधीतरी हसत सांगितले असेल. तिला काहीच ठाऊक नव्हते. मग त्यांना सगळे सांगावे लागले.

तिने मला टेबलावर ठेवून ती चिठ्ठी दोनदा वाचली.

“आता निघणार नाही का, काका?”

“नाही गं. आता गोंद कुठला आणि पान कुठलं, मलाही सांगता यायचं नाही.”

संग्रहालयात जुनी चिठ्ठी काढत नाहीत, शेजारी नवी लावतात. तिने काकांकडून कोरी चिठ्ठी मागून घेतली आणि लिहिले: ‘हे पान मी चिकटवले, वय सात. आईने नाही. ठिपके खाली आहेत. आईने ते पाहिले होते.’ काकांनी खळीची वाटी पुढे केली. तिने चिठ्ठीच्या एकाच कोपऱ्याला थेंबभर खळ लावली. बाकीची मोकळी ठेवली.

मित्रांनो, काहीही चिकटवण्याआधी ते उलटून पाहा. आणि तुमच्या कामाला छान म्हणण्याआधी कुणाचा हात मध्येच थांबला असेल, तर तो का थांबला, हे त्यांच्या हयातीत विचारा. मला ते ठाऊक होते, पण सांगता येत नव्हते.

कपाटाचे दार उघडले की त्या चिठ्ठीचे मोकळे टोक वाऱ्याने वर उचलले जाते. मी त्याच्याकडे पाहत पडून असते.